खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत

राधानगरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला धरण आठवतं आणि दाजीपूरचे गवे आठवतात. दोन्ही खरं आहे. पण राधानगरी हे तालुक्याचं गाव आहे, आणि तालुक्याच्या गावात आणखी एक गोष्ट बारमाही पिकते, ती म्हणजे कागद. तहसील कचेरी, पंचायत समिती, कोर्ट, दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था, यात्रा कमिट्या. धामोडपासून कसबा तारळ्यापर्यंतचा माणूस एसटीनं इथं उतरला की त्याच्या पिशवीत एक तरी कागद असतो, आणि तो कुणाकडून तरी लिहून, टाइप करून किंवा छापून घ्यायचा असतो. माझं उभं आयुष्य हे काम करण्यात गेलं. आधी टाइपरायटर, मग डीटीपी, आता ऑनलाइन अर्ज. मराठी अक्षरांची मालकी कुणाकडून कुणाकडं गेली आणि पुन्हा आपल्याकडं कशी आली, हे मी या धंद्यातूनच पाहिलं. त्याचा इतिहास कुणी लिहिलेला मला दिसत नाही, म्हणून लिहितो.

सुरुवात मोडी लिपीपासूनच करावी लागते. कोल्हापूर दरबारचा कारभार मोडीत चाले. तालुक्यातल्या जुन्या घरांत पत्र्याच्या ट्रंकेत वाटणीपत्रं, खरेदीखतं, इनामाचे कागद सापडतात, ते मोडीत असतात. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवरचं धरण हाती घेतलं आणि ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. ज्या पिढीनं ते धरण बांधताना पाहिलं तिच्या हातात मोडी होती, आणि पाणी भरलं तोवर शाळांतून मोडी जाऊ लागली होती. छापायला सोपी म्हणून बाळबोध, म्हणजे देवनागरी, राहिली. दोन पिढ्यांत असं झालं की घरचाच कागद, घराण्याचीच नावं, पण वाचणारा घरात नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पुराव्याचा कागद हातात, आणि तो काय म्हणतो ते सांगायला दुसऱ्याच्या दारात. मोडीला कुणी कुलूप लावलं नव्हतं, तरी माणसं आपल्याच कागदाला परकी झाली. पुढं संगणकावर जे घडलं ते समजून घ्यायला हे ध्यानात ठेवावं लागतं.

मोडीमागोमाग खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं, आणि पुढं १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला. निर्णयसागरच्या खिळ्यांचं वळण इतकं देखणं की मराठी डोळ्याला देवनागरी म्हणजे तेच वळण वाटू लागलं. कोल्हापुरात मी पोरवयात हँड कंपोझिंगचे छापखाने पाहिले आहेत. भिंतीला लाकडी केस, प्रत्येक खणात एक अक्षर, जोडाक्षरांना वेगळे खण, कंपोझिटर उभ्यानं खिळे वेचतोय आणि पलीकडं ट्रेडल मशीन पायानं चाललंय. देवनागरीला इतके खण लागत की टिळकांसारख्या माणसानंही खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यावर डोकं चालवलं होतं. पण मला सांगायचंय ते वेगळं. खिळे वजनावर विकत मिळत. पैसे मोजले की ते छापखान्याचे. फाउंड्री बंद पडली म्हणून छापखान्यातल्या केसमधला 'क' काही चालायचा थांबत नव्हता. झिजला की वितळवून नवा करता येई, शेजारच्या छापखान्याला उसना देता येई. त्या धंद्यात कष्ट फार होते आणि शिसं फुप्फुसात जाई. अक्षर मात्र विकत घेणाऱ्याचं असे.

टाइपरायटरचंही तसंच. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. त्याच्या मराठी यंत्रांवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या किती पोरापोरींनी तीस-चाळीसच्या परीक्षा देऊन नोकऱ्या धरल्या असतील, त्याला गणती नाही. मर्यादित चाव्यांत देवनागरी बसवायची, म्हणून काही अक्षरं तुकड्यांनी मारावी लागत. 'भोगावती' लिहायचं तर आधी अर्धा भ, मग त्याचा काना, मग मात्रेसकटचा काना. 'निधी' लिहायचं तर ऱ्हस्व वेलांटी आधी, न नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. 'कर्ज' लिहायचं तर क, ज आणि शेवटी वर रफार. जे डोळ्याला डावीकडून उजवीकडं दिसतं त्या क्रमानं बोटं चालायची. ही सवय बोटांत इतकी मुरली की पुढं संगणकानंही तीच उचलली, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

नव्वदच्या दशकात डीटीपी आलं. पेजमेकर, लेझर प्रिंटर, बटरपेपरवर काढलेलं मॅटर कोल्हापूरच्या ऑफसेटला पाठवायचं. आमच्याकडं हंगाम लागायचा तो दोन वेळा. लग्नसराईत पत्रिका, आणि पावसाळ्यात सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, कारण सप्टेंबर संपायच्या आत सभा घ्यायची असे. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, राखीव निधी, थकबाकीदारांची यादी, सगळं रातोरात. त्या वेळी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी सॉफ्टवेअरं होती, शिवाजी, किरण असे फाँट होते. दिसायला सुरेख. खिळे जुळवणाऱ्याला जे दिवसभर लागे ते तासाभरात होई. हे काम मराठी माणसांनी, भारतीय अभियंत्यांनी फार मेहनतीनं उभं केलं होतं आणि त्यांचे उपकार आहेत, हे मी आधी सांगतो.

पण आत काय होतं ते बघा. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी 'ए'ला जगभर एकच आकडा ठरलेला. मराठी 'क'ला मात्र ज्या त्या फाँटवाल्यानं आपापला आकडा दिला. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. कुणी काना या चावीवर ठेवला, कुणी त्या. म्हणजे संगणकाच्या लेखी आमच्या अहवालात मराठी नव्हतंच. विचित्र इंग्रजी मजकूर होता आणि त्यावर मराठीचा मुखवटा. तोच फाँट असेल तर 'राखीव निधी' दिसायचा, नसेल तर उलटसुलट रोमन अक्षरं आणि टिंबं. राधानगरीत केलेली फाइल कोल्हापूरच्या छापखान्यात उघडेल याची खात्री नसे, म्हणून फ्लॉपीत फाइलीबरोबर फाँटही द्यावा लागे.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या कुणाला सुचणार नाही. संस्थेची सभासद यादी अकारविल्हे लावायची असते. इंग्रजी नावं संगणक चुटकीसरशी लावतो. मराठी नावं त्याला लावताच येत नसत, कारण 'शिंदे' हे नाव त्याच्या दृष्टीनं वेलांटीपासून सुरू होई. त्यामुळं हजारभर सभासदांची यादी आम्ही हातानं लावायचो, कागदाच्या पट्ट्या कापून, जमिनीवर पसरून. यंत्रासमोर बसून हे काम हातानं करताना मला पहिल्यांदा वाटलं की हे यंत्र अजून आपल्या भाषेत आलेलंच नाही.

त्यात लॉक. महागड्या सॉफ्टवेअरबरोबर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक बोटभर डबडं येई. ते लावलेलं असेल तरच सॉफ्टवेअर चाले. एका पावसाळ्यात वीज पडली आणि माझं लॉक जळालं. कंपनीचं नाव घेत नाही, पण नवं लॉक म्हणजे जवळपास नव्या सॉफ्टवेअरचे पैसे, असं उत्तर आलं. मजकूर माझ्या गिऱ्हाइकांचा, टाइप मी केलेला, संगणक माझा, आणि उघडायची किल्ली दुसऱ्याकडं. खिळ्यांच्या काळात असं कधी घडलं नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात याच सुमारास एक मोठा प्रयोग चालू होता, त्याचीही नोंद करायला हवी. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातली कोल्हापूर-सांगलीची सत्तर गावं संगणकानं जोडायची योजना निघाली. शेतकऱ्याला गावातच उसाचं वजन, तोडणीची पाळी, खताचा हिशेब कळावा हा हेतू. देशभरातून लोक बघायला येत. पुढं असं दिसलं की संगणकाचा उपयोग मुख्यतः साखर कारखान्याच्या हिशेबापुरताच होतोय, आणि काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम स्वस्तात भागवून दाखवलं गेलं. पुष्कळांनी याला अपयश म्हटलं. मी म्हणणार नाही. गावातल्या माणसाला आपली माहिती आपल्या गावात, आपल्या भाषेत मिळाली पाहिजे, हा विचार आपल्या जिल्ह्यानं इतक्या लवकर केला, याचा मला अभिमान आहे. फक्त ती माहिती कारखान्याकडून शेतकऱ्याकडं यायची. शेतकऱ्यानं लिहिलेलं त्यातून बाहेर कुठं जाणार नव्हतं.

अक्षरांचा प्रश्न सुटला तो आकडे सगळ्यांचे झाल्यावर. त्याची पहिली पायरी भारतातच रचली गेली. आयआयटी कानपूरच्या कामातून आणि मग पुण्याच्या सी-डॅकमधून 'इस्की' ही संकेतावली आकाराला आली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ती मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावरच बेतलेली होती. इथं मोठा विचार होता: अक्षर जसं दिसतं तसं साठवायचं नाही, जसं बोललं जातं तसं साठवायचं. 'निधी'त आधी न, मग वेलांटी. 'कर्ज'मध्ये क, मग र, मग ज. वेलांटी कुठं काढायची, रफार कुठं चढवायचा, ते फाँट बघून घेईल. एकदा हे झालं की 'शिंदे' श-नंच सुरू होतो आणि सभासद यादी एका क्लिकवर अकारविल्हे लागते. पट्ट्या कापायचं काम ज्यानं केलंय त्यालाच कळेल हे किती मोठं आहे.

युनिकोड चालवणारी संस्था अमेरिकेत आहे आणि तिथं मोठ्या कंपन्यांचा वरचष्मा आहे. तिला गावसभा म्हणता येणार नाही. पण तिनं ठरवलेले आकडे कुणीही, कुणालाही न विचारता, पैसे न देता वापरू शकतो. मला एवढं पुरतं.

आकडे कागदावर ठरले तरी राधानगरीपर्यंत पोचायला पंधराएक वर्षं गेली. विंडोज एक्सपीमध्ये मराठी आतच होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'रीजनल' सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण करायची, मग यंत्र एक्सपीची सीडी मागायचं, मग पुन्हा चालू करायचं. पुष्कळांकडं सीडी नसे. मी ती खिशात घेऊन संस्थांच्या कचेऱ्या फिरायचो, सरवडे, राशिवडे, वाळवे, आणि क्लार्कच्या यंत्रावर मराठी जागी करून यायचो. पहिल्यांदा फाइलच्या नावातच 'दूध दर पत्रक' असं मराठीत दिसलं की माणसाचा चेहरा असा खुलायचा की मी त्या कामाचे पैसे कधी मागितले नाहीत.

अडचणी राहिल्याच. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत आपण फरक करतो. डोंगरी तालुक्यात दऱ्या लिहिल्याशिवाय भागत नाही. तो चंद्रकोरीसारखा र काढायची युक्ती कुणालाच ठाऊक नसे. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, तोवर 'ॲम्ब्युलन्स' लिहिताना जोडतोड करावी लागे. ल आणि श यांची हिंदी वळणं आपल्या मजकुरात घुसली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श पुन्हा ठरवून दिले गेले. या बारकाव्यांसाठी भांडणाऱ्यांना तेव्हा लोक हेकट म्हणत. त्यांनी हट्ट धरला म्हणून आज माझी नात मोबाइलवर धड मराठी लिहिते.

हे सगळं सरकारनं किंवा कंपन्यांनी एकट्यानं केलं नाही. मुंबईत इंडलिनक्सच्या मंडळींनी लिनक्स ही सर्वांना खुली संगणक प्रणाली भारतीय भाषांत आणायचा उद्योग मांडला. गार्गी, रघू असे देवनागरी फाँट कुणालाही वापरता येतील, बदलता येतील अशा परवान्यावर मिळू लागले. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या कचेरीतून लोहित फाँट निघाले. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनीच, मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथं लिहिलेलं कुणा कंपनीच्या मालकीचं होत नाही. आणि लिहिणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखी: शिक्षक, अभियंते, निवृत्त कारकून, परदेशी गेलेली पोरं. त्यांची नावं कुठल्या कमानीवर लिहिलेली नाहीत.

युरोपातली माणसं याच वाटेवर आपल्या पुढं काही पावलं चालली आहेत, म्हणून त्यांच्याकडं बघावंसं वाटतं. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेनं ३० एप्रिल १९९३ ला वेबचं तंत्र सर्वांना खुलं केलं. त्यावर दर लावला असता तर राधानगरीत ते कधी आलं असतं कोण जाणे. २०१० मध्ये ओपनऑफिस एका मोठ्या कंपनीच्या हातात गेल्यावर स्वयंसेवकांनी वेगळं होऊन लिबरऑफिस काढलं आणि त्याची संस्था बर्लिनमध्ये स्थापली. माझे अहवाल आज मी त्यातच करतो, मराठी मेन्यूसह, फुकट आणि लॉकशिवाय. जर्मनीतल्याच ऑयगेन रोखको या तरुणानं २०१६ मध्ये मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम काढलं. त्यात एक मालक नाही. गावोगावच्या दूध संस्थांसारखे सर्व्हर वेगवेगळे, नियम ज्याचे त्याचे, पण सगळ्यांचा एकमेकांशी व्यवहार चालतो. एका ठिकाणी पटलं नाही तर आपले अनुयायी घेऊन दुसरीकडं जाता येतं, जुन्या नोंदी मात्र अजून तशा हलत नाहीत. तिथंही काम अर्धंच झालंय.

आणि कायदा. २५ मे २०१८ पासून युरोपीय संघात माहिती संरक्षणाचा जो कायदा अमलात आला, त्याचं विसावं कलम म्हणतं की माणसानं एखाद्या सेवेला दिलेली आपली माहिती त्याला यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मिळाली पाहिजे आणि दुसरीकडं नेता आली पाहिजे. हे कलम मी मराठीतून समजून घेतलं तेव्हा मला माझं जळलेलं लॉक आठवलं. आपल्याकडं माहिती संरक्षणाच्या आधीच्या मसुद्यांत हा हक्क होता; ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात तो नाही. मला हे मोठं नुकसान वाटतं, आणि यावर आपल्याकडं जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. आज तालुक्यातल्या तरुण मंडळांचा, भजनी मंडळांचा, महिला बचत गटांचा सगळा इतिहास एक-दोन कंपन्यांच्या ॲपमध्ये साठतोय. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद झालं, तेव्हा तिथले कितीतरी मराठी कट्टे, कवितांवरचे वाद, गावांच्या गप्पा लोकांच्या हातून गेल्या. ती माणसं अजून आहेत, त्यांनी लिहिलेलं नाही.

जोडणीच तुटली तर काय होतं, तेही आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद ठेवलं गेलं. शांतता राखायची जबाबदारी प्रशासनाची असते हे मला मान्य आहे. पण २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला, अर्ज ऑनलाइन, दाखले ऑनलाइन, पैसेही ऑनलाइन. अशा वेळी इंटरनेट बंद म्हणजे कचेरी बंद. दुकानाच्या पायरीवर माणसं परतीच्या एसटीची वाट बघत बसली होती. सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० च्या निकालात सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि गरजेपुरतेच असले पाहिजेत. हे आमच्यासारख्या दुकानदारांनी पाठ करून ठेवलं पाहिजे.

आता माझ्याकडं अहवाल करायला येणाऱ्या सचिवांना मी छापील प्रतींबरोबर युनिकोडमधला साधा मजकूर आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइली देतो, मागितल्या नाहीत तरी. जुन्या फाँटमधले अहवाल उलगडायचं कामही सुरू आहे. प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा: या चिन्हाला काना, त्या चिन्हाला अर्धा भ. वेलांट्या उचलून अक्षरानंतर न्यायच्या, रफार खाली उतरवून अक्षराच्या आधी आणायचे. मजकूर बराचसा आपोआप बदलतो. ताळेबंदाचे रकाने मात्र विस्कटतात आणि आकडे छापील प्रतीशी एकेक करून ताडावे लागतात. गेल्या पावसाळ्यात एका संस्थेची जुनी सभासद यादी अशी उलगडली, आणि वारस नोंदीचं अडलेलं काम त्यातल्या नावांवरून पुढं सरकलं. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे आणि तिचा मोफत फाँटही आहे. ट्रंकांमधले कागद वाचून टंकित करायला शिकलेले हात तेवढे हवे आहेत. तालुक्यात कुणाकडं १९९० ते २०१० मधल्या फ्लॉप्या, सीड्या, पेजमेकरच्या फाइली पडून असतील, तर त्या भंगारात घालू नका. फ्लॉपी वाचणारा एक चालू ड्राइव्ह माझ्याकडं अजून आहे. दुकानात आणून द्या.